एका ओळीची परवानगी

कँटीनमध्ये रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसतो. चांदेकर बसत नाहीत. ते खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवतात, आजूबाजूच्या टेबलांकडे बघतात आणि विचारतात, "हिला कोणी धरून आहे?"

एकानं "नाही" म्हणून भागत नाही. प्रत्येकानं म्हणावं लागतं. एकदा शेजारच्या टेबलावरची मुलगी फोनवर होती, तर चांदेकर तिचं बोलणं संपेपर्यंत ताट हातात घेऊन उभे राहिले. फोन सासूचा होता. राजमा पार गार झाला.

आमच्या मीटिंग रूममधला फळा असाच चार महिने पुसला गेला नव्हता. एका कोपऱ्यात कोणीतरी एक मोबाइल नंबर लिहून ठेवला होता. कोणी, ते कोणालाच आठवेना. डस्टर उचललं की चांदेकर म्हणायचे, "ठहरो. धरून कोण आहे ते आधी कळू दे." शेवटी त्यांनीच तो नंबर फिरवला. तो पाण्याचे कॅन पोचवणाऱ्याचा निघाला.

"भाईसाहब, हम आपका नंबर मिटा रहे हैं. आपको कोई दिक्कत तो नहीं?" त्यांनी अदबीनं विचारलं.

पलीकडचा माणूस म्हणाला, "मिटा दीजिए सर, लेकिन पानी तो लेते रहेंगे ना?"

पहिलं वर्षभर मला हा सगळा नाटकीपणा वाटायचा. आमच्या ऑफिसात नाटकीपणाची कमतरता नाही. आम्ही नोएडात बसतो आणि माहिती साठवणारी कपाटाएवढी यंत्रं बनवतो. इस्पितळं, बँका, सरकारी खाती ती घेतात. त्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम आमची स्वतःची आहे. माझं काम तिची माहितीपुस्तकं लिहिण्याचं, म्हणजे एकानं केलेलं काम दुसऱ्याला समजेल असं तिसरीनं सांगायचं. चौथं कोणी ते वाचत नाही. आमच्या मजल्यावर तीन 'डिस्टिंग्विश्ड' आहेत, पाच 'प्रिन्सिपल' आहेत आणि एक 'चीफ एव्हँजेलिस्ट' आहेत. हे शेवटचे गृहस्थ कशाचा प्रसार करतात हे मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. प्रत्येकाच्या दारावर पाटी आहे. चांदेकरांच्या दारावर पाटी नाही, कारण त्यांना दार नाही. ते जिन्याजवळच्या कोपऱ्यात बसतात. तिथं एसीची हवा पोचत नाही, आणि वरिष्ठही सहसा पोचत नाहीत.

जेकब चांदेकर, वय एकोणसाठ. जन्म पहाडगंजातला, शाळाही तिथलीच, मराठी माध्यमाची. वडील रेल्वेत होते. आईवडील गेले, लग्न राहून गेलं. "टाइमच नाही मिळाला, ताई," असं ते सांगतात. दात दाखवायला जायचं राहून गेल्यासारखं. फरीदाबादला दोन खोल्यांत एकटे असतात. रविवारी सकाळी चर्चला जातात. मराठी घरची आहे, पण जन्म दिल्लीत गेल्यामुळे तिला मधेमधे भोकं पडलीत. तिथं ते "वो काय म्हणतात" असं ठिगळ लावतात आणि पुढे निघतात.

या माणसाला आमच्या सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, सगळ्यात जुनं दुखणं सोपवलेलं होतं. त्यावर मला एक प्रकरण लिहायचं होतं, म्हणून मी वही घेऊन त्यांच्या कोपऱ्यात गेले.

"देखो ताई, असं आहे," चांदेकर म्हणाले. "तुम्ही फाइल उघडली, की कर्नल मेमरीत तिचं एक वो काय म्हणतात, टिपण बनवतो. फाइल कुठे आहे, केवढी आहे, कोणाची आहे. डिस्कला विचारून हे बनवायचं म्हणजे वेळ जातो. म्हणून तुम्ही फाइल बंद केली तरी तो टिपण फाडत नाही. बाजूला ठेवतो. पाच मिनिटांत पुन्हा मागाल म्हणून."

"आणि नाही मागितली तर?"

"तर जागा संपल्यावर फाडतो. पण फाडण्याआधी एक सवाल विचारायलाच पाहिजे."

"धरून कोण आहे?"

चांदेकर इतके खूश झाले की त्यांनी मला खुर्ची दिली. विचारण्यासारखं जवळपास कोणी नव्हतं.

"बिल्कुल! कोणी धरलेलं टिपण फाडलं आणि त्याच जागी दुसऱ्या फाइलचं लिहिलं, तर काय होईल? त्या बिचाऱ्याच्या हातात दुसऱ्याची फाइल. इस्पितळात डॉक्टर उघडतोय शर्मा पेशंटचा रिपोर्ट आणि समोर वर्माचा. दोघांपैकी एकाचं ऑपरेशन आहे, ताई."

खुर्चीच्या पाठीवरची ती दोन बोटं मला तेव्हा कळली. हा माणूस तीस वर्षं कर्नल नावाच्या अशा गावात राहत होता जिथं न विचारता उचललेली रिकामी खुर्ची माणूस मारू शकते. संध्याकाळी सातला तिथून निघून मेट्रोत बसल्यावर त्याची सवय कशी सुटणार?

जुन्या रचनेत या सगळ्या टिपणांची एकच यादी होती आणि यादीला एकच कुलूप. ती लिहिली तेव्हा यंत्रात प्रोसेसर एकच होता, त्यामुळे ते बरोबर होतं. आता चौसष्ट झाले. चौसष्ट कारकून आणि किल्ली एक. एक जण काम करतो, बाकीचे रांगेत पेंगतात. चांदेकरांनी ती यादीच मोडायची ठरवली. प्रत्येक टिपणाला स्वतःचं कुलूप आणि स्वतःची गिनती: किती जण वापरताहेत आणि किती जण न वापरता नुसती ओळख ठेवून, म्हणजे धरून आहेत. कोणी वापरत नसेल तर टिपण रिकामं करता येईल. पण ओळख ठेवणारा एक जरी असला, तरी ते फाडता येणार नाही.

सांगायला हे चार वाक्यांचं आहे. करायला तीन वर्षं लागली. कारण चौसष्ट कारकून एकाच क्षणी एकाच टिपणाला हात घालू शकतात. एक सोडतोय, दुसरा त्याच क्षणी धरतोय, तिसरा फाडायला आलाय. कोण आधी पोचेल याचा नेम नाही, आणि कोणीही आधी पोचला तरी निकाल बरोबरच यायला हवा. असे जेवढे प्रसंग घडू शकतात तेवढे चांदेकरांनी पेन्सिलीनं चार जाड वह्यांत काढले होते. एका पानावर एक प्रसंग, एक दार, दाराशी दोन किंवा तीन माणसं. सगळं तपासून झालं की पानाखाली छोटी बरोबरची खूण. माझ्या प्रकरणासाठी मी त्या चारही वह्या वाचल्या. मी आयुष्यात बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांतल्या निम्म्या लेखकांना पान फुकट गेल्याचं दुःख नव्हतं. या वह्यांत एक रेघ जास्तीची नव्हती. चौथी वही मिटल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. मला थक्क व्हायची सवय नाही, त्यामुळे काय करायचं असतं ते सुचेना.

मग एका दुपारी त्यांनी मला लॅबमध्ये नेलं. एका यंत्रावर जुना कर्नल होता, दुसऱ्यावर नवा. दोघांना सारखंच काम दिलं. जुनं यंत्र शांतपणे घुमत राहिलं. नव्याचे पंखे आधी कुजबुजले, मग चढत चढत असे गर्जू लागले की टेबलावरचा कागद हलला. चौसष्टच्या चौसष्ट प्रोसेसर कामाला लागले होते. चांदेकर डोळे मिटून, गाण्याच्या बैठकीत बसावं तसे ऐकत होते.

तेवढ्यात आमचे मॅनेजर खुराना दारातून डोकावले. "चांदेकरजी, ये नॉइज़ इशू कब तक फिक्स होगा?"

चांदेकरांनी डोळे उघडले नाहीत.

आता अडचण काय होती ते सांगते. सगळं तयार होतं. जुनी यादी काढून टाकली की काम संपलं. पण जुन्या कोडमध्ये एक ओळ होती. डिस्क यंत्रापासून वेगळी करताना तिच्यावरच्या प्रत्येक टिपणाला ती ओळ एक जादा पकड लावून ठेवायची. कशासाठी, ते कोणाला माहीत नव्हतं. ओळीच्या वर इंग्रजीत सूचना होती: 'हे काढण्याआधी मला विचारा. बी. के.'

पंचवीसेक वर्षं लोक ती सूचना वाचून हसत होते. कोड लिहिणारे असं काहीबाही लिहितात. एका फाइलमध्ये 'देवा, मला माफ कर' असं लिहिलेलं आहे आणि देवाला कोणी विचारायला गेलेलं नाही. पण चांदेकरांनी वाचलं, विचारा. म्हणजे विचारायला हवं.

बी. के. कोण हे ऑफिसात कोणी सांगेना. चांदेकरांनी निवृत्त झालेल्या लोकांना फोन केले. फरीदाबादच्या जुन्या कारखान्यातल्या भांडारपालानं नाव सांगितलं, भूपिंदर कौर. पत्ता करोल बागेतला. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "आज तो इतवार है. बीजी गुरुद्वारे में होंगी, जोडाघर में."

जोडाघर म्हणजे गुरुद्वाराच्या पायरीपाशी भाविकांचे जोडे सांभाळण्याची जागा. खिडकीतून जोडे द्यायचे, बिल्ला घ्यायचा. आतले लोक पगारी नसतात, सेवा म्हणून येतात. चांदेकरांनी खिडकीत बूट दिले तर आत बिल्ला देणारी बाईच भूपिंदर कौर होती. त्यांनी तिथंच कर्नलचा प्रश्न काढला. मागं रांग तुंबली. ती म्हणाली, "पहले सेवा, फिर सवाल. अंदर आ जा, पुत्तर." एकोणसाठ वर्षांचा पुत्तर आत गेला.

याला पाच महिने झाले होते. दर सोमवारी खुराना विचारायचे, "चांदेकरजी, बी. के. का क्या हुआ?" आणि चांदेकर म्हणायचे, "याद नहीं आ रहा उनको. अगले इतवार बताएँगी."

शेवटी खुरानांनी मला बोलावलं. "देखिए, मंडे लास्ट डेट है. वो लाइन नहीं हटी तो इस रिलीज़ में पुरानी लिस्ट ही जाएगी. अगली रिलीज़ डेढ़ साल बाद, और ये दस महीने में रिटायर. फिर तीन साल का काम समझिए अलमारी में गया. कोई नहीं छुएगा उसको. आप उनकी भाषा बोलती हैं, आप समझाइए." मराठी माणसांना एकमेकांचं ऐकायची सवय असते, असा त्यांचा समज आहे. तो मी मोडला नाही.

चांदेकरांना विचारलं, तर ते फक्त म्हणाले, "तुम्ही या ना इतवारी. बघा तरी."

गेले. बुटांच्या सहवासात नम्र होणाऱ्या लोकांकडे मी जरा संशयानंच बघते, हे आधी कबूल करते. सकाळचे अकरा वाजले होते. तीन नंबरच्या खिडकीमागं, चर्च उरकून आलेले चांदेकर डोक्याला केशरी रुमाल बांधून उभे होते. एक हात बाहेरून जोडे घेत होता, दुसरा बिल्ला देत होता, आणि मधल्या क्षणात फडक्यानं जोड्यांवरची धूळ पुसली जात होती. एका म्हाताऱ्या सरदारजींचा बिल्ला हरवला होता. मागचे लोक कुरकुरायला लागले. चांदेकर वाकून त्यांच्या पावलांकडे बघत राहिले, आत गेले आणि शेकडो जोड्यांतून एक तपकिरी जोड घेऊन आले.

"डावी टाच आतून घासलेली आहे," ते मला म्हणाले. "चालतात तसे."

सरदारजींनी जोडे घातले. त्यांचेच होते.

भूपिंदर कौर बाजूला वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. पांढरी ओढणी, जाड चष्मा, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलं कॅनडात. गर्दी जरा ओसरली तसे चांदेकर हात पुसत त्यांच्यासमोर उभे राहिले.

"बीजी, वो लाइन याद आई?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "नहीं पुत्तर. उमर हो गई. अगले इतवार सोच के बताती हूँ. जा, चाय ले आ. इनके लिए भी."

चांदेकर चहा आणायला लंगरच्या बाजूला गेले. मी मोड्याजवळ फरशीवर बसले आणि मनाशी जुळवलेलं बोलायला सुरुवात केली: की स्मृती हळूहळूच परत येते, की एखादी खूण सांगितली तर कदाचित...

"डिस्क निकाल लेने के बाद भी कोई ना कोई फाइल पकड़े बैठा रहता था," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "उस टाइम गिनती एक ही थी, और डिस्क जाते ही ज़ीरो कर देते थे. फाइल की पर्ची मिट जाती, और पकड़ने वाले के हाथ में कचरा. तो मैंने एक पकड़ अपनी तरफ़ से लगा दी. इसके डिज़ाइन में हर पकड़ने वाले का अपना हिसाब है. मेरी वाली बेकार है. निकाल दे."

हे प्रकरण लिहायला मला तीन महिने लागले होते. बाईंनी ते बिल्ल्यांची थाळी नीट लावता लावता सांगून टाकलं होतं.

"आपको याद है?"

"लिखा मैंने है, भूलेगा कौन? और इसने पहले ही दिन कागज़ पर सारा नक्शा बनाके दिखाया. कितना साफ़ काम है! मेरी नौकरी में किसी ने इतना साफ़ काम करके नहीं दिखाया."

"फिर बताया क्यों नहीं?"

त्यांनी एक बिल्ला उलटा होता तो सुलटा केला. "बता देती तो अगले इतवार तीन नंबर पे कौन खड़ा होता?"

मग मी सोमवारचं सांगितलं. रिलीज, डेढ वर्ष, दहा महिने, कपाट. त्यांचा हात थाळीवरच थांबला.

"कल? इसने तो कुछ नहीं बोला मुझे." आवाज एकदम म्हातारा झाला. "पाँच महीने से हँस के पूछता है, हँस के चला जाता है. मुझे क्या पता..."

चांदेकर तीन पेले सांभाळत आले. त्यांनी पेले खाली ठेवायच्या आतच बीजी उभ्या राहिल्या आणि मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. या वेळी भराभरा, एका दमात, जणू उशीर झाला तर ऑफिस बंद होईल. शेवटी म्हणाल्या, "निकाल दे. मैं बोल रही हूँ. कल सुबह पहला काम."

ती ओळ सोमवारी सकाळी सव्वानऊला निघाली आणि जुनी यादीही गेली, हे इथंच सांगून टाकते, कारण खुरानांना तेवढ्यातच रस होता. कोड बदलताना एक नोंद लिहायची असते. चांदेकरांनी लिहिलं होतं: 'भूपिंदर कौर यांना विचारून काढली.' त्या बदलाला मंजुरी देणारे म्हणून डिस्टिंग्विश्ड लोकांची तीन नावं होती, प्रिन्सिपल लोकांची पाच होती. जिनं ती ओळ लिहिली होती तिचं पूर्ण नाव मात्र आमच्या कोडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

पण रविवारी, तिथं जोडाघरात, चांदेकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते नुसतं "अच्छा" म्हणाले. आनंदाचं काही चिन्ह दिसेना. बीजींच्या हातात त्यांनी चहा दिला, माझ्या दिला, आपला घेतला आणि प्यायले नाहीत.

मला राहवलं नाही. मी मराठीत म्हटलं, "चांदेकर सर, झालं ना तुमचं काम. तुम्हाला तरी कळलंच असणार की पाच महिन्यांपूर्वी. चार वह्या भरल्यात तुम्ही."

"पहिल्या आठवड्यात कळलं होतं," ते हळू म्हणाले. "घरी जाऊन काढून बघितलं. लाइन नकोच आहे."

"मग? तीन वर्षांचं काम बुडालं असतं."

"हां. ते पण रोज वाटायचं." त्यांनी पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पण ताई, कोणाकडे जायचं तर काही काम लागतं ना? काम नसताना कसं जातात, ते मला येत नाही. तुम्ही लोक जाता. मी बघितलंय, दिवाळीला वगैरे. मला नाही जमत. दारात उभं राहून बोलायचं काय?"

बीजींना मराठी कळत नाही. त्या आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होत्या. बाहेर पुन्हा रांग लागली होती, खिडकीवर कोणीतरी बिल्ला वाजवत होतं. चांदेकरांनी चहा तसाच खाली ठेवला, केशरी रुमालाची गाठ घट्ट केली आणि खिडकीकडे वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले.

"बीजी," ते पाठमोरेच म्हणाले, "एक जगह और है. नीचे की तरफ़. वहाँ भी आपका कमेंट है. बी. के. लिखा है."

ती फाइल मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा वाचलेली आहे. 'बी. के.' तिच्यात एकदाच येतं.

बीजी चष्मा सावरून माझ्याकडे वळल्या. "है?"

अकरा वर्षांत मी लिहिलेल्या पुस्तकांत एक खोटं वाक्य नाही. वाचणारं कोणी नसलं तरी नाही.

"है जी," मी म्हटलं. "थोडा मुश्किल भी है."

"तो अगले इतवार," त्या म्हणाल्या. "आज बहुत भीड़ है."